छत्रीवरचं इरलं

"ह्याच्यावर कोन विश्वास ठेवनार नाय, तवा तुमीबी ठेवू नका," मी म्हणालो. "पन सबंध देशात सगळ्यात जाड आभाळ आमच्या कुडाच्या वाडीवर व्हतं. आनि हे मी नाय सांगत. यंत्रानं सांगितलं व्हतं."

"झालं सुरू," हेतल म्हणाली आणि तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

किन्हवलीच्या नाक्यावर हेतलचं चहाचं दुकान आहे. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती. आता ती माझ्याशी मराठीत भांडते. तिच्या बाकड्यावर बसून एसटीची वाट बघणाऱ्यांना गोष्टी सांगायच्या, हा माझा धंदा. शेती मुलाने हातात घेतल्यापासून दुसरं काम उरलेलं नाही. लोक गोष्टीत अडकतात, आणखी एक चहा मागवतात, म्हणून हेतल माझ्या चहाबद्दल काही बोलत नाही. माझ्या गोष्टी खऱ्या असतात असं मी कधी म्हटलेलं नाही. खऱ्या गोष्टीसाठी थांबतं कोण?

त्या दिवशी विषय काढला तो शेखर नावाच्या एका पाहुण्याने. वाशिंदच्या कारखान्यात सुपरवायझर, मुरबाडला साडूकडे निघालेला. दुकानाच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती आणि तिने दोन नवी कोरी इरली शेजारी उभी करून ठेवली होती. शेखरने मोबाइलवर त्यांचा फोटो काढला आणि मला विचारलं, "बाबा, हे काय आहे? होडी?"

इरलं माहीत नसलेला माणूस भेटला की मला आधी राग येतो आणि मग गोष्ट सुचते.

"होडीच हाय, पन उपडी," मी म्हणालो. "बांबूच्या कामट्या, वरनं पळसाची पानं. डोक्यावर घिवून वाकलं की पाठ झाकती, लावनीला दोनी हात मोकळं. आता शेतात समदे प्लास्टिक पांघरतात. ही इरली घेतात मुरबाडकडची फार्महाउसवाली. भितीवर टांगाया."

"भिंतीवर? कशाला?"

"भितीला पाऊस लागू नये म्हनून."

हेतल हसली, शेखर हसला. खांबापाशी बसलेली म्हातारी हसली नाही.

"बरं, जाड आभाळाचं काय?" शेखर म्हणाला.

इथे एक सांगून ठेवतो, जे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. ती म्हातारी म्हणजे सावळी, आमच्याच वाडीची. ज्याची गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं होतं, त्या नवसूची बायको. तिच्यादेखत कशाला सांगितलीस, असं तुम्ही विचाराल. तर इरल्याचा विषय मी काढला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, या गोष्टीचा शेवट मला कधीच पसंत नव्हता.

डोळखांबच्या पुढे डांबर संपतं, तिथून वर चालत गेलं की आमची वाडी. वाडीच्या डोक्यावर माळ आणि माळाच्या मागे घाटाची भिंत. घाटाला अडलेला सगळा पाऊस आमच्या अंगावर पडतो. एका उन्हाळ्यात तिथे जीप आली आणि त्यातून योगिनी मॅडम उतरल्या. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत संशोधन करणाऱ्या, वयाने तिशीच्या आतबाहेर, पायात कापडी बूट. माणसं भोवती जमली तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला तुमचा पाऊस हवाय."

"घिवून जावा बाय," नवसू म्हणाला. "आमाला लय होतो."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. नवसूचं नशीब त्या हसण्यात ठरलं. मॅडमची नजर त्याच्यावर बसली आणि माळावर छत्री उभी राहिली तेव्हा राखणदार म्हणून तोच लागला.

"छत्री म्हंजे डिश बरं का," मी शेखरला सांगितलं. "टीव्हीची असती तशीच. पन केवढी? आत म्हस बसंल एवढी!"

"बाबा," हेतल म्हणाली.

"बरं, रेडकू."

"बाबा!"

"लग्नातली परात. मोठीतली मोठी. आता ह्याच्याखाली येनार नाय."

ते यंत्र काय करायचं, हे मॅडमनी नवसूला समजावलं होतं आणि नवसूने मला, म्हणून मला ते येतं. आभाळात फार उंचावर एक उपग्रह आहे. आपल्या डोक्यावरची जागा तो सोडत नाही आणि सारखा एकाच सुरात साद घालत असतो. सांगत काही नाही, नुसता 'ओ' म्हणतो. आपल्या कानाला ती साद ऐकू येत नाही, छत्रीला येते. आभाळ मोकळं असलं की साद खणखणीत. ढग आले की जराशी बसते. पाऊस लागला की एकेक थेंब तिच्यातला घास खातो आणि खाली पोचेपर्यंत दमेकरी माणसाचा उरतो तेवढा आवाज उरतो. पावसाने किती खाल्लं, एवढंच यंत्राने टिपायचं. शेजारी पावसाचं माप होतं, त्यात पाऊस किती पडला ते समजायचं. दोन्ही ताडून बघितलं की पुढचे उपग्रह केवढ्या जोराने ओरडले पाहिजेत ते ठरणार होतं. देशभरचा टीव्ही आणि इंटरनेट म्हणे त्यावर चालणार होता. आमच्या वाडीत तेव्हा फोनला रेंज हवी तर आंब्यावर चढावं लागे.

"म्हणजे पाऊस किती जेवला ते मोजायचं," शेखर म्हणाला.

"तू शिकलेला दिसतोस," मी म्हणालो.

नवसूचं काम सोपं होतं. माळ झाडायचा, पावसाच्या मापात पाला अडकू द्यायचा नाही, गुरं फिरकू द्यायची नाहीत. एक गोष्ट मात्र मॅडमनी बजावली होती: छत्रीवर पाणी राहता कामा नये. छत्रीच ओली राहिली तर तिच्या अंगावरचं पाणी साद खातं, आणि शहरात बसलेल्यांना वाटतं आभाळाने खाल्ली. त्यासाठी छत्रीला पाणी उडवून लावणारा एक पंखा बसवला होता.

आता यातली खरी मेख सांगतो. यंत्राला वीज लागते. आमच्या वाडीने वीज मागून मागून शेवटी मागणंच सोडलं होतं. माणसांसाठी जे खांब येत नव्हते ते यंत्रासाठी आले. वाडीतूनच वर माळावर गेले आणि जाता जाता प्रत्येक घरात एक दिवा लागला. सरपंच सगळ्यांसमोर म्हणाला, "यंत्र हाय तवर लाइन हाय. दोन पावसाळं नीट काढा. आकडं चांगलं गेलं तर यंत्र कायम. यंत्र कायम तर लाइन कायम."

बाकीच्यांनी ते ऐकलं आणि घरी गेले. नवसूने ते काळजावर घेतलं. तोवर त्याला कोणी काही सोपवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या खळ्यावर राबलेला, तानशाकडे मुंबईच्या पाण्याच्या पाइपांसाठी खड्डे खणलेला माणूस. त्या पाइपांतलं पाणी कुठल्या नळाला जातं हे त्याने कधी बघितलं नाही. दिवा मात्र डोळ्यासमोर होता. भरदुपारी तो घरात दिवा लावायचा आणि खाली बसून बघत राहायचा. सावळी म्हणायची, "उन्हात कशाला जाळतोस रे?" तर म्हणायचा, "हाय का ते बघतो."

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्याच्या तोंडाला पंखा जळला.

नवसू आंब्यावर चढला आणि त्याने फोन केला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, माणूस पाठवतो. माणूस आला नाही. नवसू पुन्हा आंब्यावर चढला. पाठवलाय माणूस, निघालाय. लावणी सुरू झाली तरी माणूस वाटेतच होता. तोवर नवसू छत्रीशेजारी उभा राहून पंच्याने तिचं पाणी टिपत होता. एका बाजूने टिपेपर्यंत दुसरी भिजायची, आणि मग पंचाच भिजायचा.

"आता तू सांग," मी शेखरला म्हणालो. "पाऊस पडतोय आनि वस्तू सुकी ठेवायची हाय. काय करशील?"

"ताडपत्री टाकेन."

"आनि साद कुठनं जानार? ताडपत्रीखाली गुदमरंल ती. नवसूनं इचार केला व्हता. इरल्याखाली मानसाला ऐकू येतं का नाय? येतं. लावनीला बाया इरल्याखालनं ह्या बांधावरनं त्या बांधावर येकमेकीची उनीदुनी काढतात, येक शब्द चुकत नाय. मंग उपग्रह तर नुस्ता ओ म्हनतो!"

शेखर विचारात पडला. त्याला यातली चूक सापडेना. वाडीतही कोणाला सापडली नव्हती.

"पण छत्रीला छत्री?" हेतल म्हणाली.

"छत्रीला इरलं," मी म्हणालो. "नवसूनं सोताच्या हातानं इनलं. नेहमीच्या दीडपट, पानं दुहेरी. येक थेंब आत जानार नाय असं."

खांबापाशी काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी तिकडे बघितलं नाही.

ढग दिसला की नवसू हातातली रोपं टाकून माळावर पळायचा, इरलं छत्रीवर चढवून सुतळीने आवळायचा. ऊन पडलं की लगेच काढायचा, छत्रीला आभाळ दिसलं पाहिजे म्हणून. घरातलं दुसरं इरलं सावळीच्या पाठीवर. हा स्वतः युरियाच्या गोणीची खोळ घेऊन छत्रीशेजारी दगडावर बसायचा. छत्री सुकी आणि माणूस ओला. लावणी सावळीने एकटीने उरकली.

आणि मग नवसू आंब्यावर चढला की मॅडमचे फोन यायला लागले.

"नवसूदादा, काय पाऊस आहे हो तुमच्याकडे! मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त साद खातोय."

"खातोय बाय. भुकेला हाय यंदा."

"पण माप तर मागच्या वर्षीएवढाच पाऊस दाखवतंय. तुम्ही माप साफ ठेवताय ना?"

"काडी नाय त्यात."

"मग थेंबच मोठे असणार. साहेब तर खूश झालेत. असे आकडे देशात कुठे मिळालेले नाहीत म्हणतात."

त्या आकड्यांवर मोठ्या साहेबांनी कुठेतरी भाषण दिलं. घाटाच्या पायथ्याचा थेंब वेगळाच असतो, असं काहीसं ते बोलले म्हणे. ते वाडीत कळलं आणि वाडी फुगली. आमचा थेंब! आजवर आमचं म्हणून कोणी काही वाखाणलं नव्हतं. बाजाराला गेलं की आमची माणसं छाती काढून चालायची. मी याच बाकड्यावर बसून सांगायचो, आमच्याकडे पाऊस लागला की चिंबोऱ्या थेंबाला धरून वर चढतात.

"ते अजून सांगता," हेतल म्हणाली.

"अजून चढतात."

परतीच्या पावसाचे दिवस होते. भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा दोन जीपगाड्या आल्या. मोठे साहेब, योगिनी मॅडम आणि आणखी माणसं. वाडीने कोंबड्या कापल्या होत्या. ऊन लख्ख होतं. साहेबांनी छत्रीवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि सरपंचाला म्हणाले, "हे केंद्र आता आम्ही कायम करणार."

सरपंचाने टाळ्या वाजवल्या, मग आम्ही वाजवल्या. नवसू वाजवत नव्हता. तो घाटाकडे बघत होता. तिकडून ढग सुटला होता.

टाळ्या चालू असतानाच तो पळत सुटला.

"हा कुठे निघाला?" साहेबांनी विचारलं.

"कामावर, साहेब," सरपंच म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता.

यंत्राच्या खोलीमागून नवसू इरलं घेऊन आला. त्याने ते छत्रीवर चढवलं, कडा सारख्या केल्या, गाठी मारल्या. असं नेटकं काम त्याने स्वतःच्या घरचं छप्पर शाकारतानाही केलं नसेल. पाऊस आला. सगळे पत्र्याच्या खोलीत शिरले. नवसू बाहेरच थांबला, खोळ पांघरून, छत्रीशेजारी, कोणी फोटो काढणार असल्यासारखा ताठ.

आत यंत्राच्या पडद्यावरची रेघ घसरायला लागली. मॅडमनी रेघेकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर इरल्याकडे, मग पुन्हा रेघेकडे. त्यांना आधी कळलं. साहेबांना नंतर.

"ते काय आहे?" साहेब दारातून ओरडले.

"इरलं, साहेब."

"कधीपासून घालतोस?"

"लावनीच्या आधीपास्नं. येक पाऊस चुकवला नाय साहेब. थेंब लागू दिला नाय छत्रीला."

मॅडम तशाच पावसात बाहेर गेल्या. त्यांनी इरल्याला हात लावला. पानं पाणी पिऊन जड झाली होती, बोट दाबलं की पाणी निघत होतं.

"नवसूदादा," त्या म्हणाल्या, "ही पानंच खात होती हो. पाऊस नव्हे. ओली पानं. प्लास्टिक टाकलं असतंत तरी एक वेळ निभावलं असतं."

नवसूला ते कळलं नसावं, कारण तो अजून हसत होता. मग त्याने त्यांचा चेहरा बघितला.

"मला का नाही सांगितलं? किती वेळा फोन केला मी."

"तुमी पावसाचं इचारलं बाय. पावसाचं सांगितलं. पंखा जळला, ते तर आदीच सांगितलं व्हतं."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. ज्या थेंबावर त्यांनी भाषण दिलं होतं तो थेंब आमच्या छत्रीवर पडत होता, अगदी इतरांच्या थेंबासारखा. मॅडम छत्रीच्या ओट्यावर बसून राहिल्या. त्या रडत होत्या की पाऊस होता ते मी सांगणार नाही. बाकीचं मी वाढवून सांगतो, तेवढं वाढवत नाही. खाली वाडीत कोंबड्या शिजून तयार होत्या. जेवायला कोणी थांबलं नाही.

दिवाळीनंतर टेम्पो आला आणि छत्री घेऊन गेला. संस्थेने नवसूला दोष दिला नाही. दोष द्यायला माणसाचं नाव कुठेतरी असावं लागतं. मग वायरमन आला. मीटर यंत्राचं, यंत्र गेलं, म्हणून त्याने तार तोडली. भला माणूस होता, खांबावरून म्हणत होता, "मी काय करू, मला सांगितलंय तसं करतो." दुपारची वेळ होती, त्यामुळे दिवे गेल्याचं कोणाला लगेच कळलंही नाही.

कळलं तेव्हा वाडीने राग काढायला माणूस शोधला. साहेब हाताशी नव्हता, पंख्याचा माणूस तर अजून वाटेतच होता. नवसू शेजारीच राहत होता. कोणीतरी एक फाटकं इरलं त्याच्या दारावर टांगलं. पोरं मागून ओरडायला लागली, "नवश्या, सूर्व्यावर इरलं घाल!" बारसं असो, लग्न असो, त्याच्या घरचं बोलावणं बंद झालं. त्याने कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. रोज सकाळी झाडू घेऊन माळावर जायचा आणि छत्रीचा मोकळा ओटा झाडून यायचा. गुरं ओट्यावर चढली तर हाकलायचा.

"मग?" शेखर म्हणाला.

हेतल चहा गाळायची थांबली होती. दोघांची तोंडं उतरली होती. असं तोंड घेऊन गिऱ्हाईक एसटीत चढलं की पुढच्या वेळी बाकड्यावर बसत नाही. आणि खांबापाशी ती बसली होती, दोन इरल्यांच्या मध्ये, पदर तोंडाला लावून. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मंग काय!" मी म्हणालो. "पुढल्या पावसाळ्याच्या आदी पुन्ना जीप आली. आतनं योगिनी मॅडम उतरली. हातात शाल, हातात नारळ. समदी वाडी गोळा केली आनि म्हनाली, नवसूदादानं आमाला शोध लावून दिला. वली पानं साद किती खातात, ते आजवर कोनी मोजलंच नव्हतं. जंगलात फोन लावायचा तर हेच आकडं लागनार. मोठा साहेब म्होरं झाला आनि त्यानं नवसूच्या पायाला हात लावला."

"पायाला?" हेतल म्हणाली.

"बरं, खांद्याला."

"खांद्याला ठीक आहे," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. एरवी तिने मला खांद्यावरसुद्धा थांबू दिलं नसतं.

"आणि लाइट?" शेखरने विचारलं.

"त्याच आठवड्यात जोडली. कायमची. ज्यानं दारावर फाटकं इरलं टांगलं व्हतं ना, त्यानंच नवसूला खांद्यावर घिवून नाचवला. मंग त्येला जीपमंदी बसवून नेला शहरात. तितं आता त्येला खुर्ची हाय."

"बाबा..."

"स्टूल. पन पंख्याखाली. बाहेर आभाळ आलं की साहेब म्हनतो, नवसू, बघ रे जरा. आनि नवसू खिडकीतनं बघून सांगतो, की ह्यो पाऊस..."

"नाय."

आवाज मोठा नव्हता. शेखरने मान वळवली. हेतलने वळवली. मी चहाच्या रिकाम्या पेल्यात बघत होतो.

"कोन नाय आला," सावळी म्हणाली. "जीप नाय आली, शाल नाय आली. लाइन आजून नाय. त्यो तिसऱ्या पावसाळ्यात गेला, छातीत पानी भरून. वाडीतनं मानसं निघंनात. तीन खांदं झालं. चवथा मी दिला. तुमी माज्या म्होरं व्हता भावजी. तुमाला ठावं हाय."

"वयनी, मी आपलं..."

"आनि ते इरलं त्येनं नाय इनलं."

ती उठली. एक इरलं उचलून तिने दुसऱ्यात बसवलं, कडेला कडा लावून, पान मोडू न देता.

"त्येला कामटी सोलाया यायची नाय. मी इनलं. दुहेरी पानं मी लावली. त्यो म्हनत व्हता, मानूस येतोय, वाट बघू. मीच म्हनलं, कवर बघतोस, मी इनते. समद्या वाडीत त्येनं सांगितलं का त्येनंच इनलं म्हनून. मरंस्तोर सांगत व्हता. आनि तुमीबी तेच सांगताय."

एवढ्यात मुरबाडची एसटी येऊन उभी राहिली. हेतल सावळीला चहा देण्यासाठी वाकली होती, तशीच राहिली. शेखर इरली धरायला पुढे झाला. सावळीने ती त्याच्या हातात दिली नाहीत.

एसटीच्या दारात इरली मावेनात. कंडक्टर म्हणाला, "मावशे, टपावर टाक ती."

"नाय. आभाळ भरलंय," सावळी म्हणाली. "भिजली तर ती फार्महाउसवाली मानसं घेत नाय."

"इरलंच ना ते?" कंडक्टर हसला. "त्याला पावसाचं काय?"

इरली पोटाशी धरून ती दारात आडवी झाली आणि एकेक पायरी, पाठमोरी, आत चढली.